जिच्यावर करच नाही, तिला सवलत कशाची?

माझी मामेबहीण अमेरिकेत न्यू जर्सीत राहते. मागच्या वर्षी तिने घरातच लहान मुलांचं पाळणाघर सुरू केलं. रमजानमध्ये फोन झाला तेव्हा मुलांपेक्षा जास्त ती कराबद्दल बोलत होती. तिकडे घराचा जो भाग तुम्ही धंद्यासाठी दाखवता, तो फक्त धंद्यासाठीच वापरलेला असावा लागतो. पाळणाघराला मात्र या नियमातून सूट आहे. दिवसा ज्या खोलीत दुसऱ्यांची मुलं झोपतात तिथेच रात्री घरची माणसं झोपणार, हे कायद्याने धरूनच ठेवलं आहे. घराचा किती भाग आणि वर्षातले किती तास मुलांसाठी वापरला याचा हिशेब मांडायचा आणि त्या प्रमाणात भाडं, वीज, पाणी उत्पन्नातून वजा करायचं. मुलांच्या खाण्याच्या पावत्या सांभाळायच्या नसतील तर दर जेवणामागे सरकारने ठरवलेली रक्कम लावता येते.

"भाईजान, आपल्याकडे अशा बाईला काय मिळतं?" तिने विचारलं.

मी म्हणालो, "बघून सांगतो." बघायला कुठे दिल्लीला जायची गरज नव्हती. मला एक घर ठाऊक होतं, दरेकसाचं.

दरेकसा हे गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातलं गाव. हावडा-मुंबई रेल्वेमार्गावर सालेकसाच्या पुढचं स्टेशन. त्यानंतर बोरतलाव लागतं आणि गाडी छत्तीसगडात डोंगरगडकडे निघून जाते. बाहेरच्यांना हे नाव हाजरा धबधब्यामुळे माहीत असतं, माघ पौर्णिमेला गोंड बांधव जिथे लाखोंनी येतात त्या कचारगडमुळे माहीत असतं, नाहीतर वर्षानुवर्षं वाचलेल्या नक्षलवादाच्या बातम्यांमुळे. मला ते माझ्या बालपणामुळे माहीत आहे. अब्बा रेल्वेत गँगमन होते आणि आम्ही तिथल्या क्वार्टरमध्ये राहायचो. मी तीन वर्षांचा असताना अम्मीला टीबी झाला. औषधपाण्यासाठी तिला सारखं गोंदियाला जावं लागायचं आणि कधी आठवडाभर तिथेच राहावं लागायचं. अब्बा सकाळी हातोडा घेऊन रुळावर जायचे. मला कोण सांभाळणार?

शेजारच्या टोलीत एक गोंड मावशी होत्या. त्यांच्या ओसरीवर आधीच तीन-चार पोरं असायची, मी त्यात पाचवा. वर्ष-दीड वर्ष मी त्यांच्याच घरची पेज पिऊन वाढलो. पैशांचा विषय कधी निघाल्याचं मला आठवत नाही. ईदला अम्मी शिरखुर्मा आणि एक लुगडं पाठवायची. मावशी लुगडं ठेवून घ्यायच्या आणि बदल्यात मोहाची फुलं पाठवायच्या. आज या पानावर चार ओळी लिहितो आहे, त्यात त्या ओसरीचाही वाटा आहे.

मावशी गेल्या. आता त्याच ओसरीवर त्यांची सून मुलं सांभाळते. गेल्या रोवणीच्या दिवसांत मी गेलो होतो. रोवणी म्हणजे काय ते धानपट्ट्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही, इतरांसाठी सांगतो. जुलैत पाऊस पडला की पऱ्हे उपटून चिखलाच्या बांधीत लावायचे. कंबर वाकवून सकाळपासून संध्याकाळपर्यंतचं हे काम बहुतेक बायकाच करतात. त्याआधी मे महिन्यात तेंदूपत्ता, त्याआधी मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल. तिन्ही कामं पहाटे निघण्याची आणि तिन्ही ठिकाणी दूधपितं मूल नेणं कठीण. त्या दिवशी ओसरीवर नऊ मुलं होती. सगळ्यात लहान आठ-नऊ महिन्यांचं. दाराला आडवी फळी लावलेली, कारण समोर थोड्याच अंतरावर रेल्वेलाईन. गाडीचा आवाज आला की वहिनी हातातलं काम टाकून आधी डोकी मोजायच्या.

कोणी दिवसाचे वीस रुपये देतं, कोणी दहा, कोणी धान निघाल्यावर पायलीभर तांदूळ. कोणी काहीच देत नाही, आणि त्यांच्याकडे मागायला वहिनींची जीभ रेटत नाही.

चहा झाल्यावर वहिनींनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "भाऊ, हे काम कागदावर आणलं तं मले टॅक्स लागन का जी? बचतगटातल्या बाया म्हणतेत का टॅक्सात नाव गेलं का लाडकी बहीण बंद होते."

तिकडे माझ्या बहिणीला कराची सवलत हवी होती. इकडे वहिनींना कर या शब्दाचीच भीती वाटत होती. तेव्हापासून या विषयावर लिहायचं मनात होतं.

आधी हिशेब करू. वीस रुपये रोज, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे एका मुलामागे महिन्याला साधारण पाचशे रुपये. बारा महिने चाललं असं धरलं तर वर्षाला सहा हजार. 2025-26 पासून नव्या करपद्धतीत पहिल्या 4 लाखांवर कर नाही आणि सूट धरली तर 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर प्रत्यक्षात काहीच भरावं लागत नाही. 4 लाख कमवायला वहिनींना 67 मुलं सांभाळावी लागतील. कराचा पहिला रुपया भरायची वेळ यायला 200 पेक्षा जास्त. एका ओसरीवर! जीएसटीचंही तेच. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेल्याशिवाय नोंदणीचा प्रश्न येत नाही.

उद्या एखाद्या मंत्र्याने घरगुती पाळणाघर सुरू करणाऱ्या महिलेला पाच वर्षं आयकर माफ अशी घोषणा केली, तर टाळ्या पडतील, बातम्या होतील आणि वहिनींच्या पदरात एक पैसा पडणार नाही. आपल्या वाचकांना हे पटकन समजेल. जकात कोणावर फर्ज आहे? ज्याच्याकडे निसाबाइतकी मालमत्ता वर्षभर शिल्लक राहिली त्याच्यावर. त्याखालच्या माणसावर ती फर्जच नाही, उलट गरजू असेल तर तो जकातीचा हकदार आहे. अशा माणसाला कोणी सांगितलं, "जा, तुझी जकात माफ केली," तर त्याने हसावं की रडावं? मुलं सांभाळणारी गरीब बाई कराच्या निसाबाखाली आहे. तिला माफी नको, तिला हक्क हवा.

ती कर भरतच नाही असंही नाही. साबण, तेल, प्लास्टिकची बादली, सतरंजी, सगळ्यावर ती जीएसटी भरते. 22 सप्टेंबर 2025 पासून साबणावरचा दर 18 वरून 5 टक्के झाला, दुधाच्या बाटल्या आणि डायपर 12 वरून 5 वर आले. मुलांच्या घरात लागणाऱ्या वस्तूंवरचा हा बदल तिच्यापर्यंत थोडा तरी पोहोचतो. आयकराची सवलत पोहोचत नाही.

मग ती कुठे पोहोचते? समजा सरकारने पाळणाघराची फी पालकांच्या उत्पन्नातून वजा करू दिली. आज जुन्या करपद्धतीत मुलांच्या शाळेच्या शिकवणी शुल्काची वजावट मिळते, पाळणाघराच्या फीची मिळत नाही, त्यामुळे ही मागणी नोकरदारांकडून अधूनमधून येत असते. पुण्यात महिन्याला 8,000 रुपये फी भरणारं जोडपं घ्या. वर्षाचे 96,000. 30 टक्क्यांच्या टप्प्यात असतील तर 28,800 रुपये वाचतील. 5 टक्क्यांच्या टप्प्यातल्याचे 4,800 वाचतील. बांधीत रोवणी करणाऱ्या आईचे शून्य, कारण ती कराच्या कुठल्याच टप्प्यात नाही. जितकं जास्त उत्पन्न तितकी जास्त मदत. त्या जोडप्याच्या अडचणी मला खोट्या वाटत नाहीत. माझ्या स्वतःच्या मुलीची नोकरी पाळणाघराअभावी सुटली आहे. पण सरकारी तिजोरीतून एका मुलासाठी जाणाऱ्या त्या 28,800 रुपयांत, 2025-26 चा महाराष्ट्रातला रोजगार हमीचा दर, म्हणजे 312 रुपये धरला तर, वहिनींसारख्या बाईची 92 दिवसांची मजुरी होते. तेंदूपत्ता आणि रोवणी दोन्ही हंगाम त्यात निघतील.

करसवलत म्हणजे सरकारने केलेला खर्चच असतो. तो अर्थसंकल्पात डोळ्यांवर येत नाही म्हणून कोणी विचारत नाही, एवढंच.

फ्रान्समध्ये या गोष्टीचा विचार केलेला दिसतो. तिथे घरी मुलं सांभाळणाऱ्या नोंदणीकृत बाईकडे मूल ठेवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंतच्या खर्चाचा निम्मा भाग करातून परत मिळतो, आणि ज्याचा कर त्याहून कमी आहे त्याला उरलेली रक्कम सरळ हातात मिळते. अमेरिकेत पालकांना मिळणारी अशी सवलत मात्र एरवी भरलेल्या करापुरतीच चालते. कर कमी तर लाभ कमी. शब्द एकच, 'सवलत', पण एकीकडे गरीब धरला आहे आणि दुसरीकडे सुटला आहे.

करसवलत कधीच उपयोगाची नसते, असं मला म्हणायचं नाही. आपल्याच राज्यातलं उदाहरण आहे. 15 मार्च 1959 ला गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. 1966 मध्ये खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने लिज्जतला ग्रामोद्योग म्हणून मान्यता दिली, 8 लाखांचं खेळतं भांडवल दिलं आणि काही करसवलतीही मिळाल्या. तिथे सवलत कामी आली, कारण ती एकट्यादुकट्या बाईला नव्हती, बायकांच्या संस्थेला होती. एका लाटणाऱ्या बाईवर कर बसत नाही, पण हजारो लाटण्यांचे पापड विकणाऱ्या संस्थेवर बसतो. आणि सवलतीच्या जोडीला भांडवल होतं, हे विसरू नये.

मुलं सांभाळण्याच्या कामातही हे झालेलं आहे. अहमदाबादच्या 'सेवा' संघटनेतल्या बालसेविकांनी 1986 मध्ये 'संगिनी' नावाची सहकारी संस्था नोंदवली. विडी वळणाऱ्या, भाजी विकणाऱ्या बायांची मुलं तिथे सांभाळली जातात आणि सांभाळणाऱ्या बायाच संस्थेच्या मालक आहेत. 1961 च्या आयकर कायद्यातल्या कलम 80 पी मध्ये सभासदांचे श्रम एकत्रितपणे पुरवणाऱ्या सहकारी संस्थेला काही अटींवर त्या उत्पन्नाची पूर्ण वजावट दिलेली आहे. मुख्य अट अशी की मतदानाचा हक्क प्रामुख्याने राबणाऱ्या सभासदांकडेच हवा. मजूर सहकारी संस्था महाराष्ट्राला नव्या नाहीत. रस्ते खोदणाऱ्यांची संस्था होते तर सालेकसा तालुक्यात मुलं सांभाळणाऱ्या बायांची का होऊ नये? करसवलतीचा आग्रह धरायचाच असेल तर तो इथे धरावा.

तरी संस्थेला उत्पन्न कुठून येणार हा प्रश्न उरतोच. रोवणीवाल्या आईच्या वीस रुपयांतून तर येणार नाही. इथे कराचा पैसा लागतो.

केंद्र सरकारची 'पाळणा' योजना 2022 पासून आहे. सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, महिन्याचे 26 दिवस, रोज साडेसात तास. अंगणवाडीला जोडलेल्या पाळणाघरातल्या सेविकेचं मानधन ठरलं 5,500 रुपये. भागून पाहा, दिवसाला 211 रुपये आणि काही पैसे. माती खणणाऱ्याला 312, पोर सांभाळणाऱ्या बाईला 211. रोजगार हमीच्या 2005 च्या कायद्यात तरी असं नव्हतं. कामाच्या जागी सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर एका बाईला मुलं सांभाळायला बसवायचं आणि तिला मजुरीच्या दराने पैसे द्यायचे, असं त्यात लिहिलं होतं. मुलं सांभाळणं हे मजुरीइतकंच काम आहे, हे त्या एका ओळीत मान्य केलेलं होतं.

अंगणवाडी आहे की, असं कोणी म्हणेल. अंगणवाडीचं नाव आणि कल्पना मुळात आपल्या मातीतली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जे केलं, त्यातून ती आली. शाळेत येणं मुलांना जमत नसेल तर शाळेने त्यांच्या अंगणात जावं, हा त्यांचा विचार होता. आजच्या अंगणवाडीत तीन वर्षांवरची मुलं काही तास बसतात. तीन वर्षांखालच्यांना घरी न्यायचा आहार मिळतो. पण आई बांधीत आणि बाप मजुरीला असताना तो आहार शिजवून भरवणार कोण? बहुतेक घरांत दहा वर्षांची ताई. त्या दिवशी वहिनींच्या ओसरीवर दोन मुली होत्या, दोघी शाळेच्या गणवेशात. शाळा बुडवली नव्हती. धाकट्यांना तिथे सोडून शाळेत गेल्या होत्या आणि दुपारी न्यायला आल्या होत्या. ओसरी नसती तर शाळा बुडालीच असती. पाळणाघर कोणासाठी, या प्रश्नाचं हे उत्तर मला तिथे मिळालं. बाळासाठी आहे, आईसाठी आहे, आणि त्या ताईसाठीही आहे.

दरेकसाच्या पलीकडे छत्तीसगडात याचा चांगला नमुना आहे. बिलासपूरजवळ गनियारीला जन स्वास्थ्य सहयोग या डॉक्टरांच्या संस्थेने जंगलातल्या गावांत 'फुलवारी' सुरू केल्या. सहा महिने ते तीन वर्षांची मुलं, सांभाळायला पाड्यातलीच बाई, खायला सत्तू आणि खिचडी. कुपोषण घटावं हा उद्देश होता, त्यासोबत मोठ्या बहिणी शाळेत जायला मोकळ्या झाल्या. पुढे राज्य सरकारनेही सरगुजात फुलवारीची योजना राबवली. तिथे कोणी करसवलत मागितली नव्हती. खाणं, मानधन आणि थोडं शिक्षण, एवढ्यावर ते उभं राहिलं.

आता थोडं आपल्या मोहल्ल्याबद्दल. घरात मुलं सांभाळण्याचं काम आपल्याकडे नवं नाही. प्रत्येक मोहल्ल्यात एखादी आपा असते. दुपारी पोरं तिच्याकडे सिपारा घेऊन जातात. ती पढवते, त्यातली चार पोरं संध्याकाळी आई कामावरून येईपर्यंत तिथेच असतात, तिथेच खातात, तिथेच झोपतात. महिन्याला शे-दोनशे रुपये हातावर ठेवले की आपण म्हणतो, बाकीचा सवाब आहे. सवाब अल्लाह देणारच. दुधाचं बिल मात्र आपण द्यायचं असतं. रमजानमध्ये आपल्या वस्त्यांतून जकात निघते आणि पावतीबुकं घेऊन दूरदूरचे लोक येतात. त्या पैशातून मोहल्ल्यातल्या गरजू आपाला शिलाई मशीन दिल्याचं मी पाहिलं आहे, पण मुलं सांभाळण्यासाठी सतरंज्या, फिल्टर, कुंपण, संडासाचं दार करून दिल्याचं अजून पाहिलेलं नाही. शिलाई हा धंदा आणि पोरं सांभाळणं ही बाईची जात, असं आपण समजतो म्हणून. सदका तर कोणालाही देता येतो. दरेकसाच्या गोंड मावशींनी मला घरात घेतलं तेव्हा माझा मजहब विचारला नव्हता.

वहिनींना मी त्या दिवशी काय सांगितलं ते लिहितो, कारण हा प्रश्न इतर बहिणींनाही पडत असेल.

टॅक्स लागणार नाही. लाडकी बहीण योजनेतून नाव जातं ते कुटुंबात आयकर भरणारा असेल किंवा कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या वर असेल तर. छोटा धंदा नोंदवला म्हणून कोणी करदाता होत नाही. कर्जासाठी विवरणपत्र भरावं लागलं आणि त्यात कर शून्य निघाला, तरी विवरणपत्र भरणं आणि कर भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उद्यम नोंदणी ऑनलाइन होते, तिला फी नाही, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. मुद्रा योजनेत शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंत विनातारण कर्ज असतं. घरात छोटा धंदा केला म्हणून विजेचं मीटर लगेच व्यापारी होत नाही. वापर महिन्याला 300 युनिटच्या आणि वर्षाला 3,600 युनिटच्या आत असेल तर घरगुती दरच लागतो. ही शेवटची माहिती ऐकून वहिनींना सगळ्यात जास्त बरं वाटलं. आयकरापेक्षा विजेच्या बिलाची भीती मोठी होती!

मग त्यांनी विचारलं, "टॅक्स लागत नाही, हे बरं झालं. पण भाऊ, कागद करून मले भेटन काय?"

कर्ज मिळेल, एवढंच मी म्हणू शकलो. कर्ज फेडायला मिळकत लागते आणि मिळकत त्या वीस रुपयांची. त्या गप्प बसल्या. तेवढ्यात मालगाडीचा आवाज आला आणि त्या डोकी मोजायला उठल्या.

माझ्या बहिणीला तिचं राज्य विचारतं, तुझ्या खर्चातला किती भाग वजा करू? वहिनींना आपलं राज्य अजून काहीच विचारत नाही. ज्या दिवशी ते विचारेल, त्या दिवशी उत्तर सोपं आहे. रोजगार हमीच्या दराने रोजची मजुरी, मुलांसाठी शिजवलेलं अन्न आणि रेल्वेलाईनच्या बाजूने एक कुंपण. मजुरी आणि अन्न सरकारने द्यावं, कारण तो कराचा पैसा आहे आणि साबणाच्या प्रत्येक वडीमागे वहिनींनीही तो भरलेला आहे. कुंपणासाठी मात्र मी सरकारची वाट पाहायची नाही असं ठरवलं आहे. त्या ओसरीचं माझ्यावरचं देणं फार जुनं आहे.